जातं, गिटार आणि माझ्या आवडीची गाणी



रॉक संगीत म्हटलं की आपल्याकडे दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एक जण कानांवर हात ठेवतो. दुसरा, बहुधा वयाने लहान, मान डोलावू लागतो. गोदावरीच्या काठी, जनाबाईच्या गंगाखेडात राहणाऱ्या एका जुन्या मास्तराने या विषयावर बोलावं, हे पहिल्या तऱ्हेच्या मंडळींना विचित्र वाटेल. पण ही गाणी मला पंचेचाळीस वर्षांहून अधिक काळ आवडत आली आहेत, आणि जनाबाईच्या गावात राहूनच ती मला नीट समजली असं माझं मत आहे. ते कसं, एवढंच आज सांगायचं आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. इंग्रजीत ‘रॉक’ म्हणजे दगड, हे आपली पाचवीतली मुलंही सांगतील. पण या संगीताच्या नावात जो रॉक आहे तो दगड नव्हे. तिथे रॉक म्हणजे झुलणं, डोलणं. पाळणा हलतो, नाव लाटांवर हेलकावे खाते, त्या हालचालीचा हा शब्द. ‘रॉक अँड रोल’ म्हणजे झुला आणि डुला, असं फार तर म्हणता येईल. तरी पण माझ्या मनात हा शब्द आला की दगडच येतो. आणि तो उगाच येत नाही, हे पुढे दिसेल.

आपल्यापैकी बहुतेकांनी पहिलं रॉक गाणं कुठे ऐकलं असेल? विलायती रेकॉर्डवर खास नाही. ते ऐकलं हिंदी सिनेमात, आणि ते दिलं एका मराठी माणसाने. १९५७ साली ‘आशा’ नावाचा चित्रपट आला. त्यातलं ‘ईना मीना डीका’ हे गाणं किशोरकुमार यांनी एकदा आणि आशा भोसले यांनी एकदा, असं दोन वेळा गायलं. संगीत होतं सी. रामचंद्र यांचं. हे रामचंद्र नरहर चितळकर तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे, म्हणजे गोदावरीच्याच काठचे. जे पाणी पुणतांब्यावरून येतं तेच खाली आमच्या गंगाखेडच्या घाटाला लागतं. या गाण्याच्या शब्दांना अर्थ नाही. मुलं खेळताना राज्य कोणावर हे ठरवायला जे मोजणीचे शब्द म्हणतात तशा धर्तीचे ते शब्द आहेत. त्या काळी मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत गोव्याचे वादक पुष्कळ होते, त्यामुळे त्यात कोकणीही शिरली आहे. काही विद्वान या गाण्याला पोरकट म्हणत. मला ते पोरकट वाटत नाही. शब्दाला अर्थ नसला तरी ठेक्याला अर्थ असू शकतो, हे आपल्या आट्यापाट्या आणि फुगड्या खेळलेल्या माणसाला सांगावं लागू नये.

पण सी. रामचंद्रांनी हा ठेका उचलला कुठून? तर अमेरिकेतून. आणि अमेरिकेत तो आला कुठून? इथे खरी गोष्ट सुरू होते, आणि ती शहरात सुरू होत नाही. ती कापसाच्या रानात सुरू होते.

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचं राज्य आहे. तिथला नदीकाठचा मुलूख काळ्या कसदार मातीचा, सपाट, आपल्या गोदाकाठासारखा. तिथे कापूस पिकायचा. तो पेरायला, खुरपायला आणि वेचायला आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे वंशज होते. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण पोट कायद्याने भरत नाही. हीच माणसं पुढे बटईने जमीन कसू लागली. बी-बियाणं मालकाचं, हिशेबाची वही मालकाची, आणि वर्षाअखेर वहीत बाकी निघायची ती बहुधा कुळाच्याच नावावर. परभणी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

ही माणसं काम करताना गात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. कीर्तनात बुवा आणि टाळकरी, पोवाड्यात शाहीर आणि झीलकरी, तसंच. रस्ता खोदताना, लोहमार्गाचे रूळ सरळ करताना, लाकूड फोडताना सगळ्यांचे हात एकाच वेळी पडावेत म्हणून गाणं लागायचं. गाणं हे तिथे एक अवजारच होतं.

मला हे पुस्तकातून कळण्याआधी कानांनी कळलं होतं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या गावोगावच्या लोकांप्रमाणे आमच्या घरची माणसंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जात असत. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. त्या वर्षी अमेरिकेतून लाल मिलो ज्वारी आली होती, ती खाऊन लोक जगले. कामावर दुपारी उन्हाने बोलणं बंद पडायचं आणि हातोड्यांचा आवाज तेवढा उरायचा. मग एखादी म्हातारी घाव घालता घालता ओवी सुरू करायची. ओवी जात्यावरची, पण तिथे जातं नव्हतं, म्हणून ती हातोड्यावर बसवायची. ओळ संपली की घाव, घावाबरोबर श्वास सोडल्याचा ‘हं’.

पुढे चार-पाच वर्षांनी, तेव्हाच्या औरंगाबादेत शिकत असताना, एका वर्गबंधूच्या खोलीत मी लेडबेली या गायकाची रेकॉर्ड ऐकली. हडी लेडबेटर हे त्याचं खरं नाव. लुईझियाना राज्यातल्या तुरुंगात तो शिक्षा भोगत होता. १९३३ साली जॉन लोमॅक्स नावाचे एक लोकगीतांचे संग्राहक आपल्या तरुण मुलाला, ॲलनला घेऊन तिथे गेले, आणि मोटारीत घालून नेलेल्या अवजड यंत्रावर त्यांनी त्याची गाणी मुद्रित केली. त्याचं एक गाणं हातोड्याचं आहे. हा हातोडा मुकादमाकडे नेऊन दे आणि मी गेलो म्हणून सांग, अशा अर्थाचं. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी घाव पडतो, आणि घावाबरोबर तो ‘हं’ असा श्वास सोडतो. मला इंग्रजी तेव्हा बेताचंच कळत होतं. पण तो ‘हं’ कळला. माझ्या आवडीच्या गाण्यांत पहिला नंबर अजून याच गाण्याचा आहे, जरी पंडित लोक त्याला रॉक म्हणणार नाहीत. रॉकची ती आजी आहे असं समजा.

आता आपल्या आजीकडे वळू. जात्यावर दोघी समोरासमोर बसत. खुंट्याला दोघींचा हात. एकीने मधून मधून वैरण टाकायची. पहाटेचा काळोख, बाकी घर निजलेलं. ओवीचा अर्धा चरण एकीने म्हणायचा, दुसरीने तो पुन्हा म्हणायचा, मग पुढचा. असं दोनदा का म्हणत? माझ्या आईला मी एकदा हे विचारलं. ती म्हणाली, “पुढचं सुचायला येळ नको का?” या एका वाक्यात जे आहे ते मला पुढे ब्लूज या गानप्रकारात जसंच्या तसं सापडलं. ब्लूजमध्ये पहिली ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात, आणि तिसऱ्या ओळीत तिला जबाब देतात. पुन्हा म्हणताना गाणारा मनात जबाब जुळवत असतो. हे गाणं पाठ करून म्हणण्याचं नाही, म्हणता म्हणता करण्याचं आहे. रॉकची पुष्कळशी जुनी गाणी याच तीन ओळींच्या चौकटीत बसवलेली आहेत. मिसिसिपीच्या माणसाने गंगाखेडच्या बाईकडून काही घेतलं नाही आणि तिने त्याच्याकडून घेतलं नाही. दोघांनी ते कामाकडून घेतलं.

आणि गंगाखेडच्या बाईचं नाव घेतलं की जनाबाई आलीच. तेराव्या शतकातली ही दमा आणि करुंड यांची लेक लहानपणी पंढरपूरला नामदेवांच्या घरी कामाला राहिली. दळण, कांडण, शेणी वेचणं, पाणी भरणं, हे तिचं आयुष्य. तिच्या नावावर जे अभंग आहेत त्यांत हे काम सगळीकडे आहे. तिचा विठ्ठल देवळात उभा राहणारा नाही, तो येऊन जात्याला हात लावणारा आहे. ती त्याच्यावर रागावते, त्याला नाही नाही ते बोलते. लोकलाज बाजूला ठेवून टाळ-वीणा घेऊन भर बाजारातून जाण्याची भाषा करते. नववी-दहावीच्या मुलांना बंडखोर गाणं म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर परदेशी उदाहरण शोधत बसू नये, असं मला शिक्षक या नात्याने नेहमी वाटत आलं. आणखी एक गोष्ट. जनाबाई अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालते. दासी म्हणवते, पण नाव घालते. अमेरिकेत १९५५ साली बो डिडली या मिसिसिपीच्या गायकाने आपलं पहिलं गाजलेलं गाणं स्वतःच्याच नावाने केलं. ज्याला जगाने नाव दिलं नाही त्याला गाण्यात नाव घालावंसं वाटतं, एवढंच मला म्हणायचं आहे.

नाव नाही घातलं तर काय होतं? आर्थर क्रुडप नावाचा मिसिसिपीचाच एक गायक होता. त्याचं एक गाणं १९५४ साली मेम्फिस शहरात एल्विस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाने गायलं आणि तिथून एल्विसची कीर्ती सुरू झाली. क्रुडपला त्याच्या गाण्यांचा मोबदला जवळजवळ मिळालाच नाही. तो शेतमजुरी करत राहिला. एल्विसचा गळा मला आवडतो, खोटं कशाला बोलू. पण ते गाणं लागलं की मला क्रुडप आठवतो, आणि ज्यांच्या ओव्या ‘लोकसाहित्य’ या एका शब्दाखाली छापल्या गेल्या त्या बायाही आठवतात.

या सगळ्या मंडळींत मला जवळचा वाटतो तो मडी वॉटर्स. हे त्याचं टोपणनाव, म्हणजे गढूळ पाणी. मिसिसिपीच्या एका मळ्यावर तो राबायचा, ट्रॅक्टरही चालवायचा. १९४१ साली तोच ॲलन लोमॅक्स, आता जाणता झालेला, त्याच्या झोपडीत आला आणि त्याचं गाणं मुद्रित करून त्याला ऐकवलं. आपला आवाज यंत्रातून परत आलेला त्याने ऐकला आणि त्याला वाटलं, अरे, हे मला जमतं की! दोन वर्षांनी तो मळा सोडून शिकागोला गेला. तिथे गोंगाट फार. रात्री गुत्त्यातल्या गर्दीत लाकडी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. रॉकचा तो मोठा आवाज, ज्याला आपण नावं ठेवतो, तो असा जन्माला आला. शेतावरचा माणूस शहरात गेला आणि ऐकू जावं म्हणून त्याने आवाज वाढवला. १९५० साली त्याने ‘रोलिन स्टोन’ हे गाणं केलं. गडगडत जाणारा दगड. एका जागी न राहणाऱ्या माणसाला इंग्रजीत तसं म्हणतात. पुढे १९६२ साली लंडनच्या काही पोरांनी या गाण्यावरून आपल्या चमूचं नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवलं. १९६५ साली बॉब डिलननेही आपल्या एका गाण्यात हाच दगड आणला. त्या डिलनला २०१६ साली साहित्याचं नोबेल पारितोषिक मिळालं. मी काही इंग्रजीचा पंडित नव्हे. पण फिरता दगड म्हटलं की मला शिकागो दिसत नाही, आमच्या ओसरीतलं जातं दिसतं. एका जागी राहून फिरणारा तो दगड. त्याच्याशी बसलेली बाईही एका जागीच राहायची. मडी वॉटर्स निघून जाऊ शकला. तिला जाता आलं नाही. दोन गाण्यांत फरक पडला असेल तर तो इथे पडला, असं मला वाटतं.

आता एक कडू गोष्ट सांगतो. आमच्या गावात पिठाची गिरणी आली तेव्हा मी लहान होतो. तिच्या पट्ट्याचा फटफटाट सगळ्या गावाला ऐकू जायचा. लोकगीतांवर लिहिणारे लोक या गिरणीला फार शिव्या देतात, तिने ओवी मारली म्हणतात. माझी आई त्या दिवशी खूश होती. ज्वारीचं पायलीभर दळण पहाटे उठून काढायचं, दोन्ही खांदे भरून यायचे, त्यावर दिवसभर शेतात काम. मी मोठा झाल्यावर तिच्याजवळ ओव्यांची हळहळ केली तेव्हा ती म्हणाली, “गाणं गेलं तर जाऊ दे बाबा, खांदा तर वाचला.” याला माझ्यापाशी उत्तर नाही. ज्यांनी जातं ओढलं नाही त्यांनी जात्याचे गोडवे गाऊ नयेत. कापसाच्या रानातली गाणी कितीही सुंदर असली तरी ते रान पुन्हा यावं असं कोणी म्हणणार नाही.

तरीही तीच आई, कोणाच्या घरी लग्नाची हळद दळायला बसली की तासभर उठत नसे. तिथे खांद्याचा प्रश्न नव्हता. पसाभर हळद दळायची आणि दोन कोस गाणं म्हणायचं. म्हणजे काम गेलं तरी गाण्याची भूक गेली नव्हती. अमेरिकेत हीच भूक माणसांनी गिटारीवर आणि रंगमंचावर नेली, म्हणून त्यांचं कामाचं गाणं जगभर झालं. आपल्याकडे ते तसं झालं नाही, ओसरीतच राहिलं.

ते जगभर कसं गेलं याची एक मजेची साखळी आहे. १९३४ साली लोमॅक्स यांनी अर्कान्सासच्या एका तुरुंगात कैद्यांकडून एका आगगाडीचं गाणं मुद्रित केलं. ते लेडबेलीने उचललं. त्याच्यापासून ते लॉनी डोनेगन या ब्रिटिश गायकाने घेतलं, आणि १९५६ साली ते इंग्लंडात इतकं गाजलं की शाळकरी पोरं घरातल्या चहाच्या खोक्यांची, कपडे घासायच्या फळ्यांची वाद्यं करून गाऊ लागली. लिव्हरपूलमधल्या क्वॉरी बँक या शाळेतल्या अशाच एका पोरांच्या मेळ्याने आपलं नाव ठेवलं ‘क्वॉरीमेन’. मराठीत सांगायचं तर दगडखाणीवाले. त्या मेळ्याचा म्होरक्या जॉन लेनन. हेच दगडखाणीवाले १९६० साली ‘बीटल्स’ झाले. त्यांच्यातला जॉर्ज हॅरिसन पंडित रविशंकरांपाशी सतार शिकला, आणि १९६८ च्या जानेवारीत मुंबईला येऊन आपल्या वादकांना घेऊन त्याने ‘दि इनर लाइट’ या गाण्याचं वाद्यसंगीत मुद्रित केलं. शब्द जुन्या चिनी ग्रंथावरून, सनई-बासरी आपली, गाणारा लिव्हरपूलचा. हे गाणं फार थोडे लोक ऐकतात. तीन मिनिटांच्या आतलं आहे, गोंगाट मुळीच नाही. कानांवर हात ठेवणाऱ्या मंडळींनी सुरुवात इथून करावी.

चक बेरी या गायकाचं ‘जॉनी बी. गुड’ हे १९५८ चं गाणंही माझं आवडतं. धड लिहिता-वाचता न येणारा, रानातल्या लाकडी झोपडीत राहणारा एक पोरगा, पण गिटार असा वाजवतो की येणारे-जाणारे थांबतात. त्याची आई म्हणते, एक दिवस तुझं नाव होईल. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. त्यांच्यात सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आहे. पृथ्वीवरचं संगीत दुसऱ्या कोणाला कधी ऐकू गेलंच तर, म्हणून. त्या तबकडीवर हे चक बेरीचं गाणं आहे. आणि त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. दोन्ही याने आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राच्याही बाहेर गेली आहेत. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरात वारल्या. रॉक आणि आपलं गाणं शेजारी शेजारी ठेवता येत नाही असं म्हणणाऱ्यांना मी ही तबकडी सांगतो.

नव्या गाण्यांकडे येतो. नवीन सगळंच मला आवडतं असं नाही. नुसता गळा फाडणारे चमू आहेत, त्यांचा कंटाळा येतो. तसा कर्ण्यावरून लावलेल्या भजनांचाही येतो. पण ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या चमूचं ‘माँ रेवा’ हे गाणं ऐकलं तेव्हा मी थांबलो. २००० साली आलेल्या ‘कंदिसा’ या संचातलं ते नर्मदेचं गाणं आहे. मूळ लोकगीत, साथीला गिटार आणि तबला. नदीकाठच्या माणसाला ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही. अलीकडे मुंबईकडची काही तरुण मुलं ‘अभंग रिपोस्ट’ या नावाने संतांचे अभंग गिटार आणि ड्रम घेऊन गातात. आमच्या फडावरच्या एका बुवांना मी ते मोबाइलवर ऐकवलं. त्यांनी एक अभंग डोळे मिटून ऐकला, मग विचारलं, “टाळ कुठाय?” मी म्हटलं, टाळाच्या जागी ती थाळी वाजते. ते म्हणाले, “मग आणखी एक लावा.”

पण माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची नवी गाणी जात्यावरचीच आहेत. जात्यावर नवी गाणी? होय. पुण्यात गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० नंतरच्या काळात गावोगाव हिंडून ओव्या जमवायला सुरुवात केली. पॉइटवाँ मूळचे फ्रान्सचे, पण इथलेच झालेले. बर्नार्ड बेल या संगीताभ्यासकाने ध्वनिमुद्रणाचं काम केलं. एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. आता त्यांतल्या अनेक ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर आहेत, काही मोबाइलवर कोणालाही ऐकता येतात. त्यांत आपल्या परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसचा आवाज आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ साली मुद्रित केलेल्या ओव्या आहेत. त्या बायांनी जात्यावर विठ्ठलाच्या जागी बाबासाहेबांना बसवलं आहे. चाल तीच, जातं तेच, दैवत नवं. राम, सीता, भाऊ, माहेर यांच्या ओव्यांत ज्यांना आपली जागा सापडली नाही त्यांनी ती अशी करून घेतली. तिकडे कापसाच्या रानातल्या माणसांनी देवळातल्या भजनाची चाल घेऊन समान हक्कांच्या चळवळीत गाणी केली, तेच हे. मला कोणी विचारलं की मराठीतलं खरं रॉक कुठे आहे, तर मी या ओव्या ऐकवतो.

शिक्षक बंधु-भगिनींनो, तुम्हांला इथे एक काम सुचवतो. आपल्या भागातल्या बायांनी जात्यावर सगळी रामकथा रचली होती आणि ती ना. गो. नांदापूरकरांसारख्या मराठवाड्याच्याच एका अभ्यासकाने जमवली, हे तुम्हांला माहीत असेल. पण कोणताही संग्रह पुरा होत नाही. तुमच्या वर्गातल्या मुलांच्या आज्या आता सत्तर-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यानंतर जातं ओढलेली बाई सापडणार नाही. लोमॅक्सला मोटारभर यंत्र न्यावं लागलं, तुमच्या खिशात फोन आहे. मुलांना सांगा, आजीची ओवी मुद्रित करा, मग वहीत उतरवा. उतरवताना ‘येळ’चं ‘वेळ’ करू नका. आजी जशी म्हणते तसं लिहा. वर आजीचं नाव लिहा, माहेरचं गाव लिहा, ओवी कोणाकडून आली ते लिहा. आणि ती नको म्हणाली तर आग्रह करू नका. काही ओव्या तिच्या एकटीच्या असतात.

मी नोकरीत होतो तेव्हाचा एक प्रयोग सांगून थांबतो. ‘क्वीन’ नावाचा लंडनचा एक प्रसिद्ध चमू. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी, झांझिबारमध्ये जन्मलेला आणि आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. त्या चमूचं १९७७ चं ‘वी विल रॉक यू’ हे गाणं जवळजवळ वाद्याविना आहे. दोनदा पाय आपटायचा आणि एक टाळी. शेवटी तेवढी गिटार येते. बाकी सगळं माणसाच्या हातापायांचं. सातवीच्या वर्गाला मी हा ठेका शिकवला. चाळीस मुलं, फरशीवर पाय, एक टाळी. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी धावत आले, ते सोडा. दुपारची खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. जरा वेळ ऐकून म्हणाल्या, “सर, हे तर कांडण चाललंय.”

मी म्हटलं, मावशी, मग यावर म्हणता का काही? त्या आधी लाजल्या. मग पदर सावरून त्यांनी एक ओवी उचलली, भावाची होती. मुलं पाय आपटत होती, टाळी देत होती. ओवी काही त्या ठेक्यात नीट बसेना. तिची अक्षरं कुठे जास्त, कुठे कमी. शेवटच्या अक्षराला मावशी लांब ओढायच्या आणि टाळी त्याच्या मध्येच कुठेतरी पडायची. एका मुलाने विचारलं, थांबू का सर? मावशींनीच हाताने खूण केली, चालू दे म्हणून, आणि दुसरी ओवी घेतली.